बिल का वाढलं, याचं उत्तर कॉम्प्युटरने कसं द्यावं?

जून लागला की आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो, मे महिन्याचं लाईट बिल एवढं कसं आलं. मग दोन प्रकारची उत्तरं येतात. कोणीतरी ॲपमधला स्क्रीनशॉट टाकतं, त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार, वीज शुल्क १६ टक्के असे सगळे रकाने, एकही आकडा चुकीचा नाही आणि तरी वाचून कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. दुसरं उत्तर वरच्या मजल्यावरच्या काकू देतात, "अहो मे मध्ये तुमची लेक नातवंडांना घेऊन आलेली ना, दोन-दोन एसी रात्रभर चालू, मग येणारच की." विचारणाऱ्या काकांना पटतं, विषय संपतो.

ॲपने एकही आकडा सोडला नाही आणि काकूंनी एकही आकडा दिला नाही, तरी जिंकल्या काकू. मी ऐरोलीला अशाच सपोर्ट सिस्टमच्या कामात आहे, म्हणजे कस्टमर प्रश्न विचारतो आणि चॅटबॉट किंवा डॅशबोर्ड उत्तर देतो, तिथे हा वाद रोजचाच आहे की उत्तर टेबलमध्ये द्यायचं, ग्राफमध्ये द्यायचं की सरळ गोष्टीसारखं सांगायचं. इथे गोष्ट म्हणजे राजाराणी नाही हं. आधी काय होतं, कुठून बदललं, कशामुळे बदललं आणि त्यामुळे पुढे काय झालं, एवढं ओळीने सांगितलं की ती गोष्टच.

सगळ्याच प्रश्नांना गोष्ट लागत नाही हे आधीच सांगून टाकते. पनवेल लोकल कितव्या प्लॅटफॉर्मवर येतेय, ओटीपी काय, माझे किती पैसे बाकी, इथे आकडा फेका आणि बाजूला व्हा. ठाण्याच्या पुलावर धावत असलेल्या माणसाला कोणी "आज सकाळपासून ट्रान्सहार्बर लाईनवर काय काय घडलं" असं सुरू केलं तर तो फोनच फेकून देईल. गोष्ट लागते ती "का" आणि "असं कसं झालं" या प्रश्नांना, कारण तिथे माणसाला एक आकडा नको असतो, आकड्यांमधले दुवे हवे असतात.

आता बिलाचंच घेऊ, आकडे माझे मनाचे आहेत पण टप्पे खरे आहेत. घरगुती विजेचा दर आपल्याकडे १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० अजून महाग असा चढत जातो. समजा एप्रिलमध्ये २१० युनिट जळाले आणि मे मध्ये ३४५. युनिट वाढले दीडपटीच्या थोडे वर, रक्कम मात्र जवळजवळ दुप्पट. काकांचा खरा गोंधळ इथे आहे, वापर एवढाच वाढला तर पैसे एवढे का. उत्तर असं की स्वस्तातले पहिले १०० युनिट एप्रिलमध्येही पूर्ण वापरून झालेच होते, त्यामुळे मे मधल्या वाढीव १३५ युनिटमधला एकही त्या स्वस्त टप्प्यात बसत नाही, ९० जातात दुसऱ्या टप्प्यात आणि ४५ तिसऱ्यात. हे सगळं बिलावर छापलेलं असतं. पण टेबल कधीच म्हणत नाही की हे यामुळे झालं, ते तुम्ही शोधायचं.

कॉम्प्युटरला हे बोलायला लावायचं तर काय काय करावं लागतं? या शास्त्राला नॅचरल लँग्वेज जनरेशन म्हणतात, म्हणजे मशीनने माणसाच्या भाषेत मजकूर तयार करणं, त्यातला एहुद रायटर आणि रॉबर्ट डेल या संशोधकांचा आराखडा आजही बऱ्याच ठिकाणी शिकवतात. डेटावरून लिहायचं तर आधी त्यातून घडामोडी वेचायच्या, मग त्या आराखड्याप्रमाणे त्यातलं काय सांगायचं ते ठरवायचं, मग कुठल्या क्रमाने सांगायचं, आणि सगळ्यात शेवटी शब्द आणि व्याकरण. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अवघड काम शेवटचं, पण माझ्या मते घाम निघतो तो दुसऱ्या पायरीवर. स्मार्ट मीटर असेल आणि दर तासाचं एक रीडिंग धरलं तरी मे महिन्याचे ७४४ आकडे होतात, आणि त्यातले ७४० सांगायचे नसतात. कुठले चार सांगायचे हे ज्याला कळलं त्याला गोष्ट सांगता आली.

समजा सिस्टमला दिसलं की ११ मे पर्यंत रोजचा वापर एप्रिलसारखाच ७ युनिटच्या आसपास आहे आणि १२ तारखेपासून रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेतला वापर वर गेला तो ३१ पर्यंत खाली आलाच नाही. शिवाय मे ला एक दिवस जास्त, म्हणजे १३५ पैकी ७ युनिट नुसत्या त्या दिवसाचेच. राहिले १२८, रात्री २०, म्हणजे रात्रीला साधारण साडेसहा युनिट, तासाला एकाच्या जरा खाली. चालू एसीच्या जवळपास जाणारा आकडा आहे हा.

आणि इथेच थांबायचं! कारण मीटरला एसी दिसत नाही. मीटरला दिसतो तो रात्रीचा वाढलेला वापर, हे झालं पक्कं. एसी असावा हा अंदाज, बऱ्यापैकी चांगला, पण अंदाजच. आणि लेक-नातवंडं आली हे तर मीटरच्या स्वप्नातही नाही, ते काकूंना माहीत कारण त्यांनी लिफ्टमध्ये बॅगा बघितल्या. माणूस गोष्ट सांगतो तेव्हा हे तिन्ही थर एकाच दमात सांगून जातो आणि चालतं, कारण समोरच्याला काकू माहीत असतात, त्यांचं किती खरं धरायचं तेही माहीत असतं. मशीनने तसं केलं तर ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही की यातलं मोजलेलं किती आणि जोडलेलं किती.

कॉम्प्युटरने प्रश्नाला उत्तर द्यायची हौस जुनी आहे. १९६१ मध्ये बेसबॉल नावाचा एक प्रोग्राम अमेरिकन बेसबॉलच्या एका सीझनबद्दल साध्या इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा. १९७१ च्या सुमाराला विल्यम वुड्सचा लुनार आला, त्याला अपोलो मोहिमेत आणलेल्या चंद्रावरच्या दगडांच्या रासायनिक तपासणीबद्दल विचारता यायचं. दोन्ही आपल्या काळाच्या मानाने जबरदस्त, पण उत्तर म्हणजे यादी किंवा आकडा, गोष्ट नाही.

गोष्टीच्या बाजूने अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जेम्स मीहनने १९७६ मध्ये टेलस्पिन केलं. त्यात प्राणी होते, प्रत्येकाला काहीतरी हवं असायचं, तहान लागली की पाणी शोधायचं, कुठे जायचं ते माहीत नसलं की मित्राला विचारायचं, आणि ही खटपट लिहून काढली की गोष्ट तयार. याच्या फसलेल्या गोष्टी चांगल्या गोष्टींपेक्षा जास्त गाजल्या. एकीत एक मुंगी नदीत पडते आणि मग प्रोग्राम सांगतो की गुरुत्वाकर्षण बुडून मेलं. कारण बघा, पडणं म्हणजे गुरुत्वाकर्षणाने मुंगीला नदीत नेणं असं लिहून ठेवलेलं, म्हणजे नेणारं पात्रही नदीत पोचलं, मुंगीला वाचवायला तिचा मित्र होता, गुरुत्वाकर्षणाला ना हात ना पाय ना मित्र. तर्क एकदम बरोबर, फक्त जगाची समज शून्य. हसायला येतं, पण आजच्या चॅटबॉटने दिलेलं एखादं अतिशय सफाईदार "कारण" वाचताना मला ही मुंगी आठवते.

पुढचा टप्पा जास्त कामाचा आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला रायटर आणि त्यांच्या टीमने समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मसाठी, म्हणजे आपल्या बॉम्बे हायसारख्या ठिकाणांसाठी, हवामानाचा मजकूर लिहिणारी सिस्टम केली. तिथे त्यांना दिसलं की "संध्याकाळपर्यंत" लिहिताना एका हवामानतज्ज्ञाच्या मनात सहा वाजलेले असतात आणि दुसऱ्याच्या मनात थेट मध्यरात्र. (आपल्याकडे "संध्याकाळी येतो" म्हणणाऱ्या प्लंबरचा अनुभव सगळ्यांना आहेच.) सिस्टमने एक शब्द एकाच अर्थाने वापरला, आणि २००५ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात वाचणाऱ्यांना माणसांपेक्षा कॉम्प्युटरचा मजकूर जास्त आवडला. का, तर भाषा सुंदर म्हणून नाही, शब्दाचा भरवसा होता म्हणून.

ॲबर्डीनशीच जोडलेलं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब हे सगळं सतत मोजलं जातं आणि स्क्रीनवर ग्राफ पळत असतात. २००५ च्या एका अभ्यासात डॉक्टर-नर्सना हीच माहिती दोन प्रकारे दाखवली, एकदा ग्राफ आणि एकदा तज्ज्ञ माणसाने लिहिलेला मजकूर. विचारलं तर बहुतेक जण म्हणाले आम्हाला ग्राफच बरा, पण निर्णय जास्त योग्य घेतले गेले ते मजकूर वाचून! म्हणजे लोकांना काय आवडतं आणि कशाने काम चांगलं होतं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, हे प्रत्येक डॅशबोर्डवाल्याने टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावं असं आहे. मग बेबीटॉक प्रोजेक्टमध्ये ४५ मिनिटांच्या डेटावरून कॉम्प्युटरनेच मजकूर लिहिला, त्याचा निकाल २००९ मध्ये आला. कॉम्प्युटरचा मजकूर ग्राफच्या बरोबरीचा ठरला, पण माणसाने लिहिलेल्यापेक्षा मागे पडला. कमी पडलेल्या गोष्टींतली एक मोठी म्हणजे सलगता. माणूस लिहिताना घडामोडी एका धाग्यात ओवतो, नळी बदलली, तेव्हा ऑक्सिजन उतरला, मग अमुक केलं आणि सावरला. मशीनने घटना वेचल्या, पण त्या मांडताना धागा तुटत राहिला.

गोष्टीची ही ताकद लक्षात राहण्यातही दिसते. स्टॅनफर्डमध्ये बावर आणि क्लार्क यांनी १९६९ मध्ये विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या, काहींना सांगितलं प्रत्येक यादीची मनात एक गोष्ट बनवा, बाकीच्यांनी नुसतं पाठ केलं. सगळ्या याद्या झाल्यावर विचारलं तर गोष्टवाल्यांना साधारण ९३ टक्के शब्द आठवले, पाठवाल्यांना १३ टक्के. पण लक्षात ठेवा, गोष्ट खरी असायची अटच नव्हती, काहीतरी जोडलं की बस, डोकं ते धरून ठेवतं. आणि म्हणूनच मला ही ताकद थोडी भीतीदायक वाटते.

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा लिंडाचा प्रश्न ज्यांनी वाचलाय त्यांना पुढचं कळलंच असेल. लिंडा हुशार आहे, कॉलेजात सामाजिक प्रश्नांवर आंदोलनं करायची, आता ती बँकेत कॅशियर असण्याची शक्यता जास्त की बँकेत कॅशियर असून स्त्रीवादी चळवळीतही असण्याची? बहुसंख्य लोक दुसरं निवडतात. गणिताने ते शक्यच नाही, दोन गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची शक्यता त्यातल्या एकीपेक्षा जास्त कशी असेल? पण दुसरं वाक्य गोष्टीसारखं वाटतं ना. तेच आपल्या बिलाला लावा. "रात्री एसी चालला" आणि "गावाहून पाहुणे आल्यामुळे रात्री एसी चालला", दुसरं ऐकायला जास्त पटतं, खरं असण्याची शक्यता मात्र कमीच. म्हणजे सिस्टम जितका तपशील भरेल तितकं गिऱ्हाईक खूश आणि तितकीच चुकायची सोय जास्त. या खुशीचे स्टार रेटिंग मोजून कोणी सिस्टम सुधारत बसलं तर ती हळूहळू छान गोष्टी रचायला शिकणार, यात नवल काय.

आणि डेटाच घाणेरडा असला तर गोष्ट सांगणारा कितीही सज्जन असो. लॉस एंजेलिस टाइम्सकडे क्वेकबॉट नावाचा प्रोग्राम आहे, भूकंपाची नोंद आली की बातमी आपोआप लिहितो, मार्च २०१४ मध्ये तर जमीन हलल्यावर तीन मिनिटांत त्याची बातमी छापून तयार होती. जून २०१७ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळ ६.८ चा भूकंप झाल्याची बातमी दिली. भूकंप झाला होता, फक्त १९२५ मध्ये. शास्त्रज्ञ त्या जुन्या नोंदीतली जागा दुरुस्त करत होते, त्यातून चुकून अलर्ट गेला, आणि तारखेत साल पडलं होतं २०२५. म्हणजे २०१७ मध्ये आठ वर्षं पुढच्या भूकंपाची बातमी! बातमीचा साचा चोख होता, वाक्यं चोख होती. तारीख आजची आहे का एवढं बघणारं कोणी वाटेत नव्हतं.

आता आजचे चॅटबॉट. जुन्या सिस्टम आधी वेचायच्या, मग ठरवायच्या, मग शेवटी बोलायच्या. त्यांच्यामागचे प्रोग्राम, म्हणजे मोठी लँग्वेज मॉडेल्स, बोलण्यात इतकी तरबेज आहेत की आधीच्या पायऱ्या झाल्या की नाही हे उत्तर वाचून कळतच नाही. त्यावर उपाय म्हणून २०२० पासून एक पद्धत बरीच रुळलीय, आधी कागदपत्रांत किंवा डेटाबेसमध्ये शोधायचं आणि जे सापडलं ते समोर ठेवून मगच उत्तर लिहायला लावायचं. फायदा होतो, पण पूर्ण नाही, कारण सापडलेल्या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये मॉडेल स्वतःच्या मनाने एक कारण चिकटवू शकतं, आणि ते कारण कुठल्याच कागदात नसतं. आमच्याकडे टेस्टिंग करताना मी आकडे नंतर तपासते, आधी "त्यामुळे" आणि "म्हणून" वाली वाक्यं काढते आणि प्रत्येकाला विचारते, बाबा रे तू कुठून आलास.

मग सांगायचं कसं? याचा नमुना मला कुठल्या परदेशी पेपरमध्ये नाही, आपल्या महानुभावांच्या दृष्टांतपाठात सापडला. केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत एकत्र केले ते तेराव्या शतकात, आणि प्रत्येकाची रचना तीन भागांची, आधी सूत्र म्हणजे थेट मुद्दा, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि मग दार्ष्टांतिक म्हणजे या गोष्टीतलं काय त्या मुद्द्याला लागू होतं त्याचा खुलासा. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केशिराजांचं, म्हणजे कोणाचं वाक्य कुठलं हेही वेगळं राहिलं. आपली बहुतेक ॲप्स सूत्रावर थांबतात, चॅटबॉट दृष्टांतात रमतात, तिसऱ्या भागाचा पत्ताच नसतो.

त्या चालीवर काकांना उत्तर असं देता येईल: "तुमचं मे चं बिल एप्रिलच्या जवळजवळ दुप्पट आहे, कारण वापर २१० वरून ३४५ युनिटवर गेला आणि वाढलेले सगळे युनिट महाग टप्प्यांत मोजले गेले. ११ तारखेपर्यंत वापर नेहमीसारखाच होता. १२ पासून रात्री ११ ते सकाळी ६ चा वापर वाढला आणि महिनाअखेरपर्यंत तसाच राहिला. हे मीटरच्या नोंदीवरून. रात्रभर चालणारं एखादं मोठं उपकरण, एसीसारखं, हे कारण असू शकतं, पण ते मीटरवरून कळत नाही, तुम्हीच आठवून बघा." पहिल्या वाक्यात मुद्दा, म्हणजे घाईत असलेला माणूस तिथेच थांबू शकतो. मधे गोष्ट. शेवटी कुठलं मोजलेलं आणि कुठलं अंदाजाचं. पाहुण्यांचा शोध काकांवर सोडलेला, त्यांच्या घरात कोण आलं ते विचारायचं मीटरला कारण नाही, आणि खरं सांगायचं तर प्रायव्हसीच्या दृष्टीने सिस्टमने ते ओळखूच नये हे बरं.

आता हे मराठीत करायचं म्हटलं की शेवटची पायरी, जी मी मघाशी सोपी म्हणाले, ती एकदम दात दाखवते. इंग्रजीत रिकाम्या जागेत स्टेशनचं नाव टाकलं की वाक्य झालं. आपल्याकडे साच्यात नावापुढे "ला" जोडलं तर ऐरोलीला, वाशीला, मुलुंडला सुरळीत जातं आणि मग येतं "ठाणेला", "कळवाला". माणूस ठाण्याला जातो आणि कळव्याला उतरतो, मशीनला ते कोण सांगणार? तसंच वापर वाढला, रक्कम वाढली, बिल वाढलं, तीन नावं आणि तीन क्रियापदं, साचा एकच ठेवला की "तुमचा बिल वाढला आहे" असा मेसेज येतो आणि वाचणाऱ्याचा पुढच्या आकड्यावरचाही विश्वास अर्धा होतो. मोठी मॉडेल्स हे बरंच सांभाळतात. पण जिथे आकडा आणि नाव चुकून चालणारच नाही तिथे अजूनही साचेच वापरतात, आणि मग सरळ उपाय म्हणजे स्टेशनांच्या यादीत नावाशेजारी एक जादा रकाना ठेवायचा, ठाणे पुढे ठाण्या, कळवा पुढे कळव्या, दिघा पुढे दिघ्या, आणि "ला" किंवा "हून" जोडायचं ते त्या रकान्याला. आपल्या भागात स्टेशनं आहेत तरी किती, चहा पिता पिता भरून होतो तो रकाना.